ध्यानाला बसायचंय ना, मग आधी खांदे खाली सोडा

मी रोज थोडा वेळ डोळे मिटून बसते हे ओळखीतल्या लोकांना कळल्यापासून एकच तक्रार वेगवेगळ्या आवाजात ऐकू येते, "अगं मी पण ट्राय केलं, पण माझे विचार थांबतच नाहीत." आणि हे सांगताना आवाजात चक्क अपराधीपणा असतो. मग मी म्हणते विचारांचं राहू दे बाजूला, बसलेलास तेव्हा खांदे कुठे होते? दातावर दात दाबलेले होते का? पोट आत ओढून धरलेलं का? समोरचा माझ्याकडे बघतच राहतो, कारण हे त्याला कोणी कधी विचारलेलंच नसतं, सगळ्यांनी डायरेक्ट मनावरच हात घातलेला असतो.

माझं म्हणणं काय आहे ते आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. थोडी शांतता मिळावी, जरा रिलॅक्स व्हावं एवढ्यासाठी ध्यान शिकायचं असेल तर सुरुवात मनापासून करू नका, शरीरापासून करा. मन हे फार वकिली प्रकरण आहे, त्याला 'शांत हो' म्हटलं की आपल्याला शांत का होता येत नाही यावर ते तासभर बाजू मांडतं. जबडा तसा नाही. जबड्याला 'सैल सोड' म्हटलं की तो सोडतो, निदान अर्धा तरी सोडतोच. आणि शरीर सैल पडलं की मनाची धावाधाव आपोआप थोडी कमी होते, पूर्ण थांबत नाही, पण पहिल्या आठवड्यात पळून न जाण्याइतकी नक्कीच कमी होते.

ज्यांना नुसतं गप्प बसणंच जड जातं त्यांच्यासाठी एक मजेशीर गोष्ट. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेले काही प्रयोग २०१४ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आले. त्यातल्या एका प्रयोगात लोकांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं एकटं बसवलं, फोन नाही, पुस्तक नाही, फक्त स्वतःचे विचार आणि शेजारी एक बटण, जे दाबलं की विजेचा हलका शॉक बसतो. हा शॉक त्यांना आधी देऊन दाखवलेला होता आणि तो पुन्हा बसू नये म्हणून आपण पैसेसुद्धा देऊ असं ते म्हणालेले. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी त्या १५ मिनिटांत निदान एकदा तरी बटण दाबलं, एका महाशयांनी तर १९० वेळा! तेव्हा दोन मिनिटांत तुमचा हात फोनकडे जात असेल तर तुमच्यात काही बिघाड नाहीये, माणूसजात अशीच आहे.

शरीराबद्दल मी एवढी का मागे लागलेय ते सांगते. टेन्शन आलं की हृदय जोरात धडधडतं, श्वास छातीच्या वरच्या भागात उथळ चालू होतो, मान-खांदे-जबडा आवळले जातात, कारण शरीर पळायच्या नाहीतर भांडायच्या तयारीला लागलेलं असतं. आता साहेबांचा मेल आला तर त्याच्यापासून पळता पण येत नाही आणि त्याला मारता पण येत नाही, मग ती सगळी तयारी अंगात तशीच पडून राहते. सकाळचा एक मेल, दुपारचा एक फोन, संध्याकाळचा ट्रॅफिक, असं करत करत रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत खांदे कानापाशी आलेले असतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. शरीरात याच्या उलट काम करणारी पण यंत्रणा आहे, पॅरासिम्पथेटिक म्हणतात तिला, धडधड कमी करणारी, पचन चालू करणारी, आणि तिची मुख्य तार म्हणजे व्हेगस नर्व्ह, मेंदूच्या बुडातून निघते ती मानेतून खाली हृदय, फुप्फुसं, आतडी इथपर्यंत जाते. हृदयाला आपण 'हळू चाल' असा हुकूम देऊ शकत नाही, घामाला 'थांब' म्हणता येत नाही, पण श्वास ही अशी भारी गोष्ट आहे की ती आपोआप पण चालते आणि आपण मनात आणलं तर आपल्या हाताने पण चालवता येते. त्या यंत्रणेपर्यंत पोचायचा सगळ्यात सोपा दरवाजा तो हाच.

विश्वास बसत नसेल तर आत्ता करून बघा. मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधा (अंगठ्याने नका शोधू, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते आणि घोळ होतो). सापडली की सावकाश श्वास आत घ्या आणि मग त्याहून सावकाश बाहेर सोडा. आत घेताना ठोके किंचित जवळ जवळ येतात आणि सोडताना लांबतात. तरुण माणसाला हे पटकन जाणवतं, वय वाढतं तसा हा फरक कमी होत जातो म्हणून नाही जाणवला तर घाबरू नका. मला हे पहिल्यांदा बोटांखाली कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तेच करत बसलेले, कारण 'दीर्घ श्वास घ्या म्हणजे शांत वाटेल' हे आयुष्यभर ऐकलेलं वाक्य, आणि खरी जादू घेण्यात नसून सोडण्यात आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. लोक टेन्शनमध्ये भसाभस खोल श्वास आत घेत सुटतात, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, मग आणखी घाबरायला होतं. सोडायचा श्वास लांब करा, घ्यायचा आपला आपण येतो.

आता बसायचं कसं. मांडी घालता येत नाही, पद्मासन तर लांबच, म्हणून ध्यान आपल्यासाठी नाही असं मानणारे खूप आहेत. पतंजलींनी योगसूत्रात आसनाबद्दल काय अट घातलीये तर 'स्थिरसुखमासनम्', आसन स्थिर असावं आणि सुखाचं असावं, बस. खुर्चीवर बसा की खुशाल. पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, पोचत नसतील तर खाली काहीतरी ठेवा, पाठ ताठ पण ताणलेली नाही, हात मांडीवर जसे पडतील तसे. जमिनीवर बसणार असाल तर बुडाखाली जाड उशी किंवा घडी घातलेली चादर घ्याच, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली जातात, नाहीतर पाच मिनिटांत पाठीला पोक येतो आणि मग ध्यान कसलं, नुसतं पाठदुखीकडे लक्ष. हनुवटी किंचित आत. डोळे मिटलेले नाहीतर अर्धवट उघडे, नजर समोर जमिनीवर सोडून दिलेली, कारण काही जणांना डोळे मिटले की उलट अस्वस्थ व्हायला होतं आणि त्यांना कोणीतरी सांगायला हवं की उघडे ठेवले तरी चालतात. बोटांच्या मुद्रा वगैरे करायच्या तर करा, नाही केल्या तरी काही अडत नाही.

बसलात की लगेच श्वासाकडे जाऊ नका, आधी अंग आवळा. हो, आवळा. दोन्ही मुठी घट्ट, खांदे कानापर्यंत वर, चेहरा आक्रसून, पाचेक सेकंद धरून ठेवा आणि मग श्वास सोडता सोडता सगळं एकदम टाकून द्या. मग पंधरा-वीस सेकंद काहीच करू नका, फक्त तिथे काय वाटतंय ते बघा, तळहातात ऊब येते, खांदे जड वाटतात. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर आख्खी पद्धत बसवली, स्नायूंचा एकेक गट आवळायचा आणि सोडायचा. गंमत अशी आहे की जो स्नायू दिवसभर आवळलेलाच आहे तो आवळलेला आहे हे आपल्याला कळत नाही, तेच नॉर्मल वाटायला लागतं, आणि जे धरलंय हे कळलंच नाही ते सोडणार कसं? म्हणून आधी मुद्दाम धरायचं, मग सोडायचं. कुठे दुखापत असेल, मान आखडलेली असेल तर तो भाग वगळा, उगाच शूरपणा नको.

मग चेहरा. दातांमध्ये थोडी फट ठेवा, जीभ टाळूला चिकटवून धरलेली असते तीही सोडा. प्रत्येकाची ताण साठवायची एक लाडकी जागा असते, माझी दोन भुवयांच्या मध्ये आहे, मी झोपेत पण कपाळाला आठी घालून असते असं घरचे सांगतात. तुमची शोधून काढा, पोट असेल, मांड्या असतील, पायाची बोटं आत वळवून बसणारे पण लोक असतात. त्या जागेकडे रोज आधी बघायचं. खरं सांगू का, नुसतं एवढं केलं आणि पुढचं काहीच केलं नाही तरी ज्यांना फक्त रिलॅक्सच व्हायचंय त्यांचं निम्मं काम झालं.

आता श्वास. सुरुवातीचे पाच-सहा श्वास मुद्दाम लांब सोडा, मनात चार आकडे मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, मध्ये रोखून धरायचं नाही, गुदमरायला झालं तर आकडे कमी करा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो, या चार-सहाच्या मापाने तो ६ वर येतो, आपोआप अंग ढिलं पडतं. नंतर हे चालवणं सोडून द्या आणि श्वासाला त्याच्या त्याच्या चालीने जाऊ द्या. हे सोडून देणं फार अवघड आहे, कारण लक्ष दिलं की श्वास लगेच मुद्दामहून घेतल्यासारखा वाटायला लागतो. त्यावर माझा उपाय म्हणजे एकच जागा पकडायची. नाकपुडीच्या कडेला आत जाताना गार आणि बाहेर येताना किंचित कोमट लागतं, ते बघा. तिथे काही कळत नसेल तर पोट वर-खाली होतंय ते बघा, पोटावर हात ठेवला तरी चालेल. सारख्या जागा बदलू नका, आज नाक तर नाक.

आणि मोजा. प्रत्येक सोडलेल्या श्वासाला एक आकडा, एक ते दहा, मग पुन्हा एक. श्वास मोजण्याची ही युक्ती फार जुनी, बौद्ध परंपरेत शेकडो वर्षं चालत आलेली. ती नवशिक्यांची म्हणून लोक तिला कमी लेखतात, मला मात्र ती सगळ्यात प्रामाणिक वाटते कारण तिथे खोटं बोलता येत नाही, मन कुठे निसटलं ते आकडा सांगतो.

माझ्या धाकट्या बहिणीला मी असंच शिकवलं. ती म्हणाली, "ताई, व्हिडिओ लावून नाही जमत गं, त्या बाईचा आवाज इतका गोड आहे की मला रागच येतो, तूच सांग." बसवलं खुर्चीवर, खांदे-जबडा सगळं करून घेतलं, म्हटलं आता मोज. थोड्या वेळाने बघते तर एक डोळा उघडून माझ्याकडे बघतेय.

"किती झाले?" मी विचारलं.

"चौदा."

"दहाच्या पुढे जायचंच नव्हतं ना."

"हो, पण मेलला फाइल जोडली की नाही तेच आठवत होते, आकडे आपले चालूच राहिले."

"मग फाइलमध्ये अडकलीयेस हे कळलं कधी?"

"तू विचारलंस तेव्हा."

म्हटलं पुन्हा बस, आणि यावेळी मी विचारायच्या आत तुझं तुला कळतंय का बघ. बसली. जरा वेळाने डोळे न उघडताच ओरडली, "चारवर कळलं ताई, चारवर!" तिचा तो आनंद इतका खरा होता की मला हसू आवरेना. तिने काय केलं, तर पाचवर न जाता पुन्हा एकपासून सुरुवात केली. झालं, शिकवून संपलं. याच्यापुढे मला स्वतःला पण फार काही येत नाही.

आता तो 'विचार थांबत नाहीत'चा मुद्दा. मी पूर्वी एका शिबिराला गेलेले, तिथले सर सारखे म्हणायचे मन कोरं करा, कोऱ्या कागदासारखं करा, आणि आम्ही सगळे डोळे मिटून कागद कोरा करायला एवढा जोर लावत होतो की बाहेर पडलो तेव्हा निम्म्या लोकांचं डोकं दुखत होतं. मनाचं कामच विचार काढणं आहे. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला, २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून आयफोनवर विचारायचे की आत्ता काय करताय आणि मन तिथेच आहे का भलतीकडे. तर जवळपास ४७ टक्के वेळा मन भलतीकडे होतं. म्हणजे डोळे उघडे ठेवून, कामाला लागलेलं असताना जर जवळपास निम्मा वेळ मन पळतं तर डोळे मिटून रिकामं बसवल्यावर ते गुमान बसेल ही अपेक्षाच कुठून आली? गीतेच्या सहाव्या अध्यायात पण चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून आवरून परत आणावं असंच सांगितलंय, 'जाऊच देऊ नका' असं नाही. पुढे अर्जुन मन आवरत नाही म्हणून तक्रार करतो तेव्हाही त्याला उत्तर मिळतं ते अभ्यासाचं आणि वैराग्याचं. अर्जुनाला जमत नव्हतं हो, आपली काय कथा.

माझ्यापुरतं मी असं ठरवून टाकलंय की विचार म्हणजे शेजारच्यांचा टीव्ही. आवाज येणार, तो बंद करायला आपण त्यांच्या घरात घुसू शकत नाही, पण सोफ्यावर बसून त्यांची सिरियल बघत बसायची पण सक्ती नाही. आणि बघत बसलोय हे लक्षात आलं की उठायचं, स्वतःवर चिडायचं नाही, चिडणं म्हणजे दुसरी सिरियल.

एक युक्ती इथे भारी चालते. निसटलेलं लक्षात आलं की विचाराला एका शब्दात नाव द्यायचं, 'प्लॅनिंग', 'काळजी', 'आठवण', 'भांडण', आणि परत श्वासावर. नाव हळू आवाजात द्यायचं, मनातल्या मनात, पोलिसाने पावती फाडल्यासारखं नाही. मला काही दिवसांनी कळलं की माझं निम्म्याहून जास्त 'भांडण' असतं, जुनी भांडणं, ज्यात मी आत्ता कुठे योग्य डायलॉग शोधून समोरच्याला गप्प करत असते, आणि तो समोरचा बिचारा हे सगळं कधीच विसरलेला. हे कळल्यावर शांत वाटलं वगैरे काही नाही, जरा लाजच वाटली, पण त्यानंतर त्या विचारांची मजा गेली.

श्वासावर लक्ष दिलं की काही लोकांना गुदमरल्यासारखं होतं, छातीत धडधड वाढते. हे होतं, रिलॅक्स व्हायला बसवल्यावर उलट घाबरणारे लोक असतात हे या क्षेत्रातल्यांना माहिती आहे, म्हणजे तुम्ही एकटे नाही. अशांनी श्वासाचा नादच सोडून द्यावा आणि पावलं जमिनीला टेकलीत तिथे लक्ष ठेवावं, किंवा आवाज ऐकावेत, पंखा, लांबचा हॉर्न, पक्षी, जो येईल तो, नाव न ठेवता. किंवा एखादा शब्द. हार्वर्डमधले हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये 'रिलॅक्सेशन रिस्पॉन्स' ही कल्पना लोकांपर्यंत नेली. ध्यान करणाऱ्यांना लॅबमध्ये बसवून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासलं तर श्वासाची गती आणि शरीराचा ऑक्सिजनचा वापर कमी झालेला दिसला, आणि त्यांचा निष्कर्ष असा की यासाठी मुख्य दोनच गोष्टी लागतात, एक म्हणजे कुठलाही शब्द, आवाज, प्रार्थना किंवा हालचाल पुन्हा पुन्हा करणं आणि दुसरी म्हणजे मध्ये विचार आले की त्यांच्या नादी न लागता परत त्या शब्दावर येणं. त्यांनी स्वतः सुचवलेला शब्द काय, तर 'वन', इंग्रजीतला एक! इतका साधा. तेव्हा तुम्ही नामस्मरण करत असाल तर तुम्हाला नवीन काही शिकायची गरजच नाही, फक्त जबडा सैल सोडून करा एवढंच सांगेन. चालता चालता पावलांवर लक्ष ठेवलं तरी तेही चालतं, ज्यांना बसवतच नाही त्यांनी तेच करावं.

पण ज्यांना जुना मोठा आघात आहे, पॅनिक अ‍ॅटॅक येतात, डिप्रेशन आहे, त्यांनी कुणाच्या तरी लेखावर, म्हणजे माझ्या पण, विसंबून राहू नये, डॉक्टर किंवा समुपदेशकाला विचारून करावं, आणि चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. ध्यानाने सगळं बरं होतं म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहते. २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय शोधपत्रिकेत ४७ चाचण्यांचा, साधारण साडेतीन हजार लोकांचा, एकत्र आढावा आला होता. त्यात चिंता, नैराश्य आणि दुखणं यात ध्यानाने थोडा फायदा होतो याला मध्यम ताकदीचा पुरावा मिळाला, झोप, वजन, एकाग्रता यासाठी मात्र ठोस काही हाती लागलं नाही, आणि औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असंही दिसलं नाही. मला हा निकाल आवडतो. थोडा फायदा, फुकटात, घरबसल्या, अजून काय पाहिजे?

बारीकसारीक अडचणी पटकन उरकते. नाकाला खाज येते, हमखास, बसलं की येतेच. दोन श्वास थांबून बघा काय होतं ते, नाहीच गेली तर सरळ खाजवा. पायाला मुंग्या आल्या तर पाय बदला, सोसण्यात काही पुण्य नाही. झोप येत असेल तर पाठ टेकायची नाही, डोळे अर्धे उघडायचे, आणि तरीही रोजच येत असेल तर तुम्हाला ध्यानाची नाही झोपेची गरज आहे, झोपा. घरात आवाज असतात, असू देत, शांत खोली मिळाल्यावर सुरू करू म्हणणारे कधीच सुरू करत नाहीत. डोळ्यातून पाणी आलं तरी गोंधळून जाऊ नका, येतं कधीकधी.

अ‍ॅपबद्दल विचारतात सगळे. माझं मत जरा वाकडं आहे. टायमर हवा, म्हणजे सारखं घड्याळ बघावं लागत नाही, आणि त्याचा अलार्म असा हवा की दचकायला होणार नाही, एवढं फोनमध्ये असतंच. त्याच्यापुढे जाऊन सलग किती दिवस बसलात त्याचे बिल्ले, आज चुकलं म्हणून दुःखी चेहऱ्याचं नोटिफिकेशन, हे म्हणजे टेन्शन घालवायच्या गोष्टीचं टेन्शन. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पालथा ठेवा. संगीत लावायचं तर लावा पण मग आपण संगीत ऐकतोय हे मान्य करा, तेही छानच असतं.

किती वेळ, तर सुरुवातीला पाच मिनिटं आणि रोज, हे वीस मिनिटं आणि रविवारी यापेक्षा बरं. मी दात घासल्यावर लगेच बसते कारण दात घासायचे विसरत नाही. वेळ वाढवायची घाई नको, पाच मिनिटं संपल्यावर 'अरे, संपलं पण?' असं आपणहून वाटायला लागलं की दहा करा. आणि बसायला अजिबात जमलं नाही त्या दिवशी कुठलाही फोन उचलायच्या आधी, मेल उघडायच्या आधी, तीन लांब श्वास सोडायचे आणि खांदे तपासायचे. मला विचाराल तर दिवसभरात हे जे मध्येमध्ये होतं त्याचा उपयोग सकाळच्या बैठकीपेक्षा जास्त होतो, पण गंमत अशी की सकाळी बसलं नाही तर दिवसभरात ते आठवतच नाही.

फरक काय पडला असंही विचारतात. मी काही संत झालेली नाही, परवाच गॅस एजन्सीवाल्याशी फोनवर मनसोक्त भांडले. फक्त भांडताना मधेच जाणवलं की रिसीव्हर धरलेला हात पांढरा पडलाय इतका आवळलाय, हात सैल केला, आणि मग भांडण जरा मुद्द्याचं झालं. पूर्वी हे दुसऱ्या दिवशी मान धरल्यावर कळायचं.

बॉडी स्कॅनबद्दल पण खूप जणांनी विचारलंय, म्हणजे डाव्या पायाच्या बोटांपासून सुरू करून हळूहळू डोक्यापर्यंत एकेका भागावर लक्ष नेत जायचं ते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जो स्ट्रेस कमी करण्याचा आठ आठवड्यांचा कोर्स चालू केला त्यात हे असतं, बहुतेक वेळा झोपून आणि चांगलं पाऊण तास. त्यावर वेगळं लिहीन, कारण मी अजून गुडघ्याच्या वर जागेपणी पोचलेली फार कमी वेळा आहे.